भरती ओसरेपर्यंत

समुद्रातल्या किल्ल्यावर गाईडचं काम करणाऱ्या त्या बाईला सगळे भोंगा म्हणायचे. तोंडावर भोंगाताई, पाठीमागे नुसतं भोंगा. कारण तिचा आवाज. वारा कितीही सुटलेला असो, घोळक्यात सगळ्यात मागे बायकोची पर्स सांभाळत उभ्या राहिलेल्या नवऱ्यालाही तो ऐकू जायचा. नावाचं तिला वाईट वाटत नसे. "भोंगाच म्हणतात ना? फुटका ढोल तर नाही म्हणत," असं ती म्हणायची.

किल्ला किनाऱ्यापासून हाकेच्या अंतरावर होता. ओहोटीला खडकांमधली फरसबंद वाट उघडी पडायची आणि लोक चालत आत जायचे. भरती आली की वाट पाण्याखाली, आणि मग आतला माणूस आत, बाहेरचा बाहेर. किनाऱ्यावरच्या तिकीट खिडकीत तिची सून बसायची. किल्ल्याच्या दरवाजात पहारेकरी म्हणून तिचा दीर होता. नवरा गेल्यापासून घराचा डोलारा या तिघांवरच उभा होता.

तिच्या फेरीतली सगळ्यात गाजलेली जागा म्हणजे दरवाजाच्या आतला अरुंद बोळ. तिथं ती सगळ्यांना थांबवायची.

"इथं. ताई, तुम्ही उभ्या आहात ना, अगदी तिथं. किल्लेदाराच्या सख्ख्या भावानं आतून अडसर काढला आणि शत्रू या बोळातून आत घुसला. झोपेतून उठलेली माणसं, हातात धड हत्यार नाही. पुढचा मागे सरकेना, मागचा पुढे येईना. उभ्या उभ्या कापले. रक्त या उतारावरून वाहत दरवाजाबाहेर गेलं आणि समुद्राला मिळालं."

मग ती गप्प व्हायची. लोक पायाखाली बघायचे. कोणी हसायचं, कोणी नकळत पाय उचलायचं. तो क्षण तिला मनापासून आवडायचा.

"आई, रोज एवढी माणसं मारता, हात नाही का दुखत?" सून विचारायची.

"हात कशाला दुखतील? जीभ चालते नुसती."

त्या दिवशी भरती दुपारी होती. सकाळच्या शेवटच्या फेरीत पंधरा-वीस माणसं आली. त्यात एक नवीन लग्न झालेलं जोडपं होतं. तो चष्मेवाला, सडपातळ, प्रत्येक तोफेवरची पाटी वाचत चालणारा. ती बोलकी आणि हसरी. आणि तिघे मित्र होते. एकाने डोक्यावर उलटी टोपी घातली होती, दुसरा चांगला अंगाने भरलेला, आणि तिसरा त्यांच्यापेक्षा लहान. त्याला बाकीचे दोघे बब्या म्हणत होते. बब्या तिचं बोलणं लक्ष देऊन ऐकत होता. बोळातली गोष्ट संपल्यावर त्यानेच विचारलं, "मग त्या भावाचं काय केलं त्यांनी?"

"त्याला पहिला मारला," भोंगा म्हणाली. "फितुराला कोण जिवंत ठेवतो?"

बब्या खूश होऊन हसला. टोपीवाल्याने त्याच्या मानेवर टपली मारली.

परतायची वेळ झाली तेव्हा दरवाजापाशी पाच जण कमी होते. ते जोडपं आणि ते तिघे. खालच्या फरशांना पाणी चाटू लागलं होतं. तिने बाकीच्यांना पुढे काढलं आणि दिराला म्हणाली, "भाऊजी, चला. पश्चिमेच्या बुरुजावर असतील. फोटोंचं वेड, दुसरं काय."

"वहिनी, त्या तिघांच्या पिशवीत बाटल्या होत्या," दीर म्हणाला. "मी सकाळीच हुंगलं."

"मग तेव्हाच का नाही अडवलंत?"

"तीन जण होते," दीर म्हणाला आणि त्याने काठी उचलली.

बुरुजाच्या जिन्यापाशी पोचायच्या आधीच आवाज ऐकू आले. वर दगडात कोरलेला एक सिंह होता, शेकडो वर्षं खारा वारा खाऊनही शाबूत राहिलेला. जाड्याने गाडीच्या किल्लीने त्याच्या छातीवर स्वतःचं नाव कोरायला घेतलं होतं. नवी नवरी त्याला म्हणाली होती, "घरी भिंती नाहीत का तुमच्या?" एवढंच. त्यावर टोपीवाला तिच्या पुढ्यात येऊन उभा राहिला होता आणि आता तिच्या गळ्यातला स्कार्फ बोटाला गुंडाळत होता.

"आम्हाला शिकवतेस? ये, तुझंही नाव लिहितो. कुठं लिहू?"

चष्मेवाल्याने त्याच्या थोबाडीत मारली. आयुष्यात पहिल्यांदाच कोणाला तरी मारत असावा, कारण मारल्यावर तो स्वतःच दचकला.

पुढचं फार पटकन झालं. टोपीवाल्याने त्याच्या पोटात गुडघा घातला. तो वाकला तसा जाड्याने पाठीत कोपर मारलं. चष्मा उडाला आणि कोणाच्या तरी बुटाखाली चुरचुरला. नवरी किंचाळत टोपीवाल्याच्या दंडाला चावली. त्याने हाताला झटका देऊन तिला तटावर आपटलं. दीर काठी उगारून वर धावला. "ए, सोडा त्याला!" त्याने जाड्याच्या खांद्यावर एक काठी हाणलीही. पण जाड्याने तीच काठी पकडली, ओढली आणि सोडून दिली. दीर पाठीवर जिन्यावरून खाली गेला. शेवटच्या पायरीवर त्याची मांडी मोडल्याचा आवाज भोंगाने ऐकला. वाळकं लाकूड मोडल्यासारखा.

"थांबा!" ती ओरडली. तो आवाज किनाऱ्यावर सुनेला ऐकू गेला, असं सून नंतर म्हणाली. बुरुजावरच्या कोणालाही मात्र तो ऐकू गेला नाही.

बब्या तोवर मारामारीत नव्हता. उलट तो टोपीवाल्याला मागे ओढत होता. "बास रे, चल, पाणी चढलं, सोड त्याला." चष्मेवाला खाली पडल्या पडल्या हातपाय झाडत होता. त्याचं कोपर बब्याच्या नाकावर बसलं. बब्याने नाकाला हात लावला, हाताकडे बघितलं, आणि त्याचा चेहराच बदलला. तो चष्मेवाल्याच्या छातीवर बसला. दोन्ही हातांनी त्याचे केस धरले आणि डोकं फरशीवर आपटायला लागला. एकदा, पुन्हा, पुन्हा. तोंडाने काहीच बोलत नव्हता. नाकातलं रक्त हनुवटीवरून खाली चष्मेवाल्याच्या तोंडावर पडत होतं.

"बब्या, मरेल तो!" जाड्या ओरडला. म्हणजे त्यालाही दिसत होतं.

तटाची डागडुजी चालू होती. गवंड्यांची घमेली आणि एक लोखंडी पहार कोपऱ्यात टेकवून ठेवलेली होती. भोंगाने पहार कधी उचलली ते तिला आठवत नाही. जड होती, एवढं आठवतं. तिने ती बब्याच्या पाठीवर, मानेच्या खाली मारली. तो एका कुशीवर कोसळला. मग हाताच्या आधाराने त्याने डोकं वर उचललं. तिने पुन्हा मारलं. या वेळी डोक्यात.

सगळं थांबलं. लाटा तेवढ्या बुरुजाच्या पायाला धडका देत होत्या.

टोपीवाला तिच्या अंगावर आला. तिने पहार आडवी धरली. "ये," ती म्हणाली. आवाज तिचा वाटत नव्हता. घोगरा आणि अगदी हळू होता. "ये ना. तुझ्याही डोक्यात घालते." तो तिच्याकडे बघत राहिला. मग त्याची नजर बब्याकडे गेली आणि तो जागीच खाली बसला.

वाट बुडाली होती. भोंगाने तटावरून सुनेला फोन लावला. सुनेने पोलीस, दवाखाना, होडीवाले, सगळ्यांना हाका मारल्या. एक होडी निघालीही. पण वारा वाढला होता, किल्ल्याभोवती सगळे धारदार खडक, आणि लाटा होडीला उचलून त्यांच्यावर आपटायला बघत होत्या. दोनदा प्रयत्न करून होडी मागे फिरली. म्हणजे ज्यांनी मारलं आणि ज्यांनी मार खाल्ला, त्या सगळ्यांना भरती ओसरेपर्यंत एकाच तटाच्या आत बसून राहायचं होतं.

तिने पहार हातातून सोडली नाही. पहार धरूनच ती जिन्याखाली दिराकडे गेली. त्याच्या मांडीचं हाड कातडी फाडून बाहेर आलं होतं.

"वहिनी, मेलो मी."

"एवढ्यात नाही मरत तुम्ही. मी मेल्यावर मग." तिने त्याचा पाय काठीला बांधला. तो बेशुद्ध पडला, ते बरंच झालं.

वर नवरी नवऱ्याचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. त्याच्या कानातून रक्त येत होतं. जाड्याने न विचारता आपला शर्ट काढला, फाडला आणि तिच्या दिशेने टाकला. तिने तो घेतला, नवऱ्याच्या डोक्याला बांधला, आणि मग जाड्याच्या तोंडावर थुंकली. त्याने तोंड पुसलं नाही.

बब्या अजून जिवंत होता. एक डोळा उघडा, एक मिटलेला. श्वास घेताना घशात काहीतरी घरघरत होतं. टोपीवाला त्याच्याजवळ बसून एकसारखं म्हणत होता, "ऊठ रे, ऊठ. आईला काय सांगू मी तुझ्या?" मग मध्येच भोंगाकडे वळून शिव्या द्यायचा, इतक्या घाण की जाड्याच त्याला म्हणायचा, "गप बस आता." आणि टोपीवाला रडायला लागायचा.

भोंगाच्या बाटलीत पाणी थोडंच उरलं होतं. तिने ते आधी शुद्धीवर आलेल्या दिराला पाजलं, मग नवरीच्या हातात दिलं. नवरीने नवऱ्याचे ओठ भिजवले. टोपीवाल्याने हात पुढे केला. "बब्याला दे ना थोडं." नवरी त्याच्याकडे बघत राहिली आणि उरलेलं पाणी स्वतः प्यायली, शेवटच्या थेंबापर्यंत. मग तोंड झाकून रडली. भोंगाने ते बघितलं. तिच्या जागी आपण काय केलं असतं, हे तिला सांगता आलं नसतं. आपण पहार उचलू, हे तरी सकाळी कोणाला ठाऊक होतं?

उन्हं कलायला लागली तेव्हा बब्याची घरघर थांबली. वाट अजून पाण्याखालीच होती.

खटला चालला. चष्मेवाल्याच्या एका कानाने ऐकणं कायमचं बंद झालं होतं, हे डॉक्टरांनी सांगितलं. दीर कुबडी घेऊन साक्षीला उभा राहिला. जाड्यानेही खरं तेच सांगितलं, आणि बाहेर पडल्यावर टोपीवाल्याने त्याच्या कानाखाली वाजवली. भोंगाला वकिलाने एकच गोष्ट पढवली होती: तो पुन्हा उठत होता, म्हणून दुसरा फटका. ती तेच बोलली. भोंगा सुटली. त्या दोघांना तुरुंगवास झाला, फार नाही. जोडपं पुन्हा भेटलं नाही. नवरीने एकदा फोन केला, बराच वेळ नुसती "ताई, ताई" म्हणत राहिली, आणि ठेवून दिला.

भोंगा कामावर परतली, कारण दुसरं काही येत नव्हतं. पण लोक आता दुसऱ्याच गोष्टीसाठी यायला लागले. बोळात ती बोलत असताना मागून कोणीतरी विचारायचंच, "त्या मुलाला मारलं ते कुठं? ती बाई तुम्हीच का?" एकाने तर, "ताई, पहार कुठं ठेवलीय? एक फोटो?" असं म्हटलं. तिने त्याला धक्के मारून दरवाजाबाहेर काढलं आणि वरिष्ठांची तंबी ऐकून घेतली. घरी सून म्हणाली, "आई, तुम्ही खिडकीत बसा, मी फिरवते लोकांना."

"तू? तुझा आवाज पहिल्या रांगेलाही पोचायचा नाही."

"नाही पोचला तर नाही पोचला. पाटी वाचतील."

एका सकाळच्या फेरीत एक बाई आली. भोंगाच्याच वयाची, पायात साधे कापडी बूट, हातात गुंडाळलेली छत्री. सगळ्यांच्या मागे राहायची, काही विचारायची नाही. बोळात भोंगाने कापाकापी दोन वाक्यांत उरकली. हल्ली ती तेवढीच सांगायची. फेरी संपली, लोक परत निघाले. ती बाई निघाली नाही.

"माझा बबड्या कुठं पडला होता?" तिने विचारलं.

भोंगाने तिच्याकडे नीट बघितलं. नाक तेच होतं. कोर्टात हीच बाई रोज मागच्या बाकावर बसायची, मान खाली घालून. म्हणून चेहरा लगेच ओळखू आला नव्हता.

"चला," भोंगा म्हणाली.

बुरुजावरच्या फरशा आता धुतलेल्या होत्या. सिंहाच्या छातीवरची अर्धवट अक्षरं तेवढी तशीच होती. भोंगाने जागा दाखवली. बब्याची आई खाली बसली, हाताने फरशी चाचपली, जणू काही अजून ऊब शिल्लक असेल.

"पहिल्या फटक्यानंतर तो उठत होता का?"

"कोर्टात सांगितलंय मी."

"कोर्टाचं कोर्टाला. मी विचारतेय."

खाली खडकांवर पाणी फुटत होतं. भोंगा म्हणाली, "मान उचलली होती त्याने. मारायला उठत होता की नुसता... मला नाही माहीत. मी बघत थांबले नाही."

"का नाही थांबलीस?"

"भीती वाटली."

"कशाची? तो घाबरट होता गं. लहानपणी झुरळ बघून खाटेवर चढायचा." आईचा आवाज चिरकला. "तू थांबली असतीस तर तो 'आई गं' म्हणाला असता. तेवढंच म्हणायला उठला असेल."

"बाई, तो त्या पोराचं डोकं फोडत होता. मी माझ्या डोळ्यांनी..."

तिचं वाक्य पुरं झालं नाही. आईच्या हातात गवंड्यांनी टाकलेला दगडाचा तुकडा होता. तो भोंगाच्या भुवईवर बसला. डोळ्यापुढे लाल पडदा आला. दुसरा फटका गालावर, तिसरा कानावर. आई दातओठ खाऊन मारत होती, आवाज न करता. आणि मग भोंगाचे हात आपसूक वर गेले. कळायच्या आत तिने त्या बाईचा गळा धरला होता, तटाशी रेटलं होतं, अंगठे आत रुतत होते. बाईचे डोळे मोठे झाले. दगड हातातून पडला.

एवढं सोपं असतं, असा विचार तिच्या मनात आला. किती सोपं. बोटं ऐकत नव्हती. एकेक करून सोडवावी लागली.

आई खोकत खाली बसली. भोंगा दोन पावलं लांब बसली, स्वतःच्या हातांकडे बघत. आईला उलटी झाली. भोंगाने पाण्याची बाटली तिच्याकडे सरकवली. आईने ती लाथाडली.

"मला इथंच राहू दे. तू जा."

"पाणी चढतंय. इथं कोणाला ठेवत नाही मी आता."

"मी नाही येणार."

भोंगाने तिला दंडाला धरून उठवलं आणि ओढत नेलं. जिन्यावरून, बोळातून, दरवाजाबाहेर. कुबडीवरचा दीर "वहिनी, हे काय, रक्त!" म्हणून उभा राहिला, तिने त्याला हातानेच पुढे चालायला सांगितलं. वाटेवर पाणी गुडघ्यापर्यंत आलं होतं. आई मध्येच थांबायची, हात सोडवायला बघायची, नखं मारायची. "सोड मला. माझं पोर खाल्लंस, आता मला तरी सोड." एक लाट आली आणि दोघी कमरेपर्यंत भिजल्या. आईचा तोल गेला तेव्हा तिनेच भोंगाचा खांदा घट्ट धरला. पाणी ओसरल्यावर लगेच सोडला.

किनाऱ्यावर आईने बूट काढून उलटे केले, त्यातलं पाणी झटकलं. छत्री वरच राहिली होती. तिने बस कुठून मिळते ते सुनेला विचारलं, भोंगाला नाही. सुनेने सांगितलं. ती ओल्या कपड्यांनी रस्त्याच्या कडेकडेने चालत गेली, मागे वळून न बघता. गळ्यावर अंगठ्यांचे वळ उमटायला लागले होते.

"आई, कोण होती ती? पोलिसांना फोन करू?" सुनेने भोंगाला विचारलं.

"नको."

दवाखान्यात डॉक्टर जखम साफ करत म्हणाले, "हे पडून नाही झालेलं. कोणी मारलं?"

"एका बाईने."

"तक्रार?"

"नाही. मीही तिला मारलं. जवळजवळ मारूनच टाकली होती." मग ती म्हणाली, "डॉक्टर, हात थरथरतायत माझे. थांबत नाहीत."

डॉक्टरांनी सुई हातात घेतली आणि सुनेला सांगितलं, "त्यांचे हात धरा."

सुनेने दोन्ही हात आपल्या हातांत घेतले. भोंगाने ते सोडवून घ्यायचा प्रयत्न केला. सुनेने सोडले नाहीत.